फोटो लावण्याआधी अण्णांच्या फायली बघा: तालुका वकील संघास खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि तालुका वकील संघाच्या सर्व सभासदांस,

सप्रेम नमस्कार.

माझे वडील अण्णा, तुमच्या संघाचे दिवंगत सभासद वकील, यांचा फोटो बार रूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, लावायचा आणि त्या कार्यक्रमात आईचा सत्कार करायचा, असा ठराव झाल्याचं संघाचं पत्र आम्हाला मिळालं. अण्णांची आठवण तुम्हाला आहे, याचं समाधान वाटलं. पण अण्णांच्या चालू प्रकरणांकडे संघाने बघावं म्हणून आम्ही जो अर्ज दिला होता, त्याचं उत्तरही त्याच पत्राच्या शेवटी आहे. दिवंगत सभासदाच्या चालू प्रकरणांशी संघाचा संबंध येत नाही, पक्षकारांनी आपापली व्यवस्था करावी, एवढंच. हे उत्तर मला मान्य नाही, आईलाही नाही. गुपचूप आणखी एक अर्ज देऊन हे मिटेल असं आता वाटत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. अण्णांच्या पक्षकारांवर जी वेळ आली, ती एकट्याने वकिली करणाऱ्या कोणत्याही वकिलाच्या पक्षकारावर येऊ शकते. हे गावोगावच्या पक्षकारांनाही कळायला हवं.

तुम्हाला अण्णा कोण होते हे सांगायची गरज नाही. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडं सांगते.

औरंगाबादच्या माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयातून शिकून 1979 साली त्यांनी वकिलीची सनद घेतली आणि सरळ आपल्या तालुक्याच्या गावी परत आले. तेव्हा औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ नव्हतं. ते 1981 ला आलं. त्याआधी इथल्या शेतकऱ्याला हायकोर्टात जायचं म्हणजे मुंबई गाठावी लागे, आणि मुंबईचं भाडं, तिथलं राहणं आणि तिथल्या वकिलाची फी ऐकूनच माणसं अपील सोडून द्यायची. अण्णा म्हणायचे, "आपल्या माणसाला वरचं कोर्ट परवडत नाही, तेव्हा खालच्या कोर्टातच त्याचं काम नीट झालं पाहिजे." ते शेवटपर्यंत तालुक्यातच राहिले. लातूरला, औरंगाबादला चला म्हणणारे पुष्कळ होते.

त्यांच्या गुरूंनी त्यांना उर्दू वाचायला शिकवलं होतं. निजामाच्या काळातले कागद वाचता यावेत, एवढंच कारण. खासरा पत्रकावरच्या, म्हणजे जमिनीच्या जुन्या दप्तरातल्या, नोंदी, जुने इनामाचे कागद, 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याखालचे संरक्षित कुळांचे उतारे, हे सगळं घेऊन दुसऱ्या तालुक्यांतले वकीलसुद्धा आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. अण्णा भिंगातून वाचत आणि मी शेजारी बसून मराठीत लिहून घेत असे. शाळेत असताना माझं अक्षर सुधारलं ते कुळांची नावं लिहून.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरचे कितीतरी महिने अण्णा घरात पाहुण्यासारखे होते. आई-बाप दोन्ही गेलेली मुलं, त्यांच्या नावाने आलेली मदत, ती कुणाच्या ताब्यात द्यायची, कुठला काका खरा आणि कुठला फक्त पैशासाठी आलेला, असे शेकडो प्रश्न होते. पालक नेमणुकीचे आणि वारसाचे अर्ज त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये बसून लिहिले. त्या कामाचा एक पैसा त्यांनी घेतला नाही आणि त्याबद्दल कधी कुठे बोललेही नाहीत. त्यातली काही मुलं आज चाळिशीत आहेत. अण्णा गेले तेव्हा ती आपल्या लेकराबाळांना घेऊन आली होती. आईला धीर देणाऱ्यांत तीच पुढे होती.

घरातले अण्णा वेगळे नव्हते. महाराष्ट्राने 1994 मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण तो त्याआधी लग्न झालेल्या मुलींना नव्हता. आमच्या दोन्ही आत्यांची लग्नं कधीच झालेली होती. तरी अण्णांनी दोघींना बोलावून घेतलं, मोजणी करून घेतली आणि विहिरीजवळची चांगली जमीन त्यांच्या नावावर केली. भावकीत बोलाचाली झाली. "तुम्ही वकील असून घर फोडता" असंही कुणी म्हणालं. अण्णांनी उत्तर दिलं नाही. पुढे बहिणींच्या बक्षीसपत्रावर, हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायला जे भाऊ त्यांच्याकडे येत, त्यांना ते आधी बहिणीला एकटीला आत बोलवायला लावत. तिच्याशी बोलल्याशिवाय कागद करत नसत. त्यामुळे किती कामं हातची गेली, ते आईला ठाऊक आहे, कारण महिन्याचा किराणा तिला भरावा लागे.

आईला दर नवरात्रात तुळजापूरला नेणं त्यांनी कधी चुकवलं नाही. नातवाला फोनवर पाढे म्हणायला लावत, अडीचकी आणि औटकीसुद्धा. रात्री जेवण झालं की डायरी उघडून दुसऱ्या दिवशीचं बोर्ड, म्हणजे कोर्टातल्या प्रकरणांची यादी, लावत, प्रत्येक प्रकरणासमोर पक्षकाराचं गाव लिहीत आणि त्या गावची एसटी किती वाजता येते तेही लिहीत. म्हणजे पुकारा झाला आणि माणूस अजून गाडीतच असला, तर न्यायाधीशांना सांगता यावं.

आता माझं म्हणणं.

अण्णा एप्रिलमध्ये गेले. कोर्टात शोकसभा झाली, कामकाज थांबलं, चांगली भाषणं झाली. मे महिन्यात उन्हाळी सुट्टी. जूनमध्ये न्यायाधीश बदलून आले. अण्णांची प्रकरणं मात्र त्यांच्याच नावाने बोर्डावर येत राहिली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3, नियम 4 प्रमाणे वकील मरण पावला की त्याचा वकालतनामा, म्हणजे पक्षकाराने त्याला दिलेलं अधिकारपत्र, संपतो. हे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण खेड्यातल्या पक्षकाराला ते कोण सांगणार? कोर्टाच्या तारखांचे एसएमएस अण्णांच्याच मोबाइलवर येतात, कारण नंबर त्यांचाच दिलेला. तो मोबाइल आईजवळ आहे. ती ते वाचते आणि मला फोन करते, "अमुक प्रकरणाची उद्या तारीख आहे गं, कुणाची असेल?"

जूनमध्ये एक दावा असाच गेला. वादी एक विधवा बाई, माहेरच्या जमिनीत वाटप मागणारी. दावा 2013 चा. वडील 2003 मध्ये वारलेले. भावांचा बचाव असा की, मुलींना हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ची, त्या दिवशी वडील हयात नव्हते, म्हणून बहिणीला काही नाही. वर्षानुवर्षं या एका मुद्द्यावर ती बाई तारखांना येत राहिली. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माने आहे. टाळेबंदीचे दिवस होते. अण्णांनी त्या बाईंच्या गावातल्या किराणा दुकानदाराला फोन लावून त्यांना बोलावून घेतलं आणि अर्धा तास समजावून सांगितलं. त्या दिवशी ते जेवताना इतके आनंदात होते की, आईने विचारलं, आपलीच केस जिंकलात काय?

त्या दाव्यात पुरावा पूर्ण झाला होता. युक्तिवाद तेवढा बाकी होता. जूनच्या तारखेला पुकारा झाला, वादी गैरहजर, वादीचे वकील गैरहजर, प्रतिवादींचे वकील हजर. आदेश 9, नियम 8 खाली दावा काढून टाकला. न्यायाधीश नवे होते, त्यांच्यासमोर लेखी काही नव्हतं, त्यांना मी दोष देत नाही. पण प्रतिवादींचे वकील शोकसभेत बसले होते. त्यांनी कायद्याबाहेर काही केलं, असंही मी म्हणत नाही. "वादीचे वकील वारले आहेत, साहेब," एवढं एक वाक्य उभं राहून बोलता आलं असतं, आणि ते बोलल्याने त्यांच्या पक्षकाराचं काही बिघडलं नसतं. अण्णांनी समोरच्या वकिलासाठी असं कितीदा केलं असेल, हे बारमधल्या जुन्या माणसांनी आठवून बघावं.

त्या बाई ऑगस्टमध्ये आमच्या दारात आल्या. पुढची तारीख विचारायला. दावा पुन्हा बोर्डावर घेण्याच्या अर्जाला मुदत 30 दिवसांची, ती टळून गेलेली. आता उशीर माफीचा अर्ज, त्याला हरकत, त्यावर म्हणणं, त्यावर आदेश, आणि मग मूळ दावा. सर्वोच्च न्यायालयाने 1981 सालीच रफिक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात सांगितलं आहे की, वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला देऊ नये. तेव्हा दावा परत उभा राहील, अशी मला आशा आहे. पण साठी उलटलेल्या बाईच्या आयुष्यातली ही वर्षं कोण परत देणार?

दुसरी गोष्ट फायलींची. आमच्या समोरच्या खोलीत तीन कपाटं भरून फायली आहेत. मी शाळेत शिकवते, वकील नाही. अण्णांनी आम्हाला लहानपणापासून शिकवलं होतं की, पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट भिंतीलासुद्धा कळता कामा नये. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 126 होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 132 आहे, पण तत्त्व तेच. म्हणून मी त्या फायली उघडून वाचत नाही. वरचं नाव बघून ज्याची त्याला देते, सही घेते. ज्यांना कळलंच नाही ते कसे येणार? आणि फाइल घेऊन गेलेला माणूस नव्या वकिलाकडे गेला की, त्याला पुन्हा पूर्ण फी सांगितली जाते. काहींना तर दहाव्याच्या आतच गाठलं गेलं, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं. "अण्णा गेले, आता कागद माझ्याकडे आणा," असं म्हणणाऱ्यांची नावं मी इथे लिहिणार नाही. पण संघाने एका ठिकाणी बसून हे काम वाटून घेतलं असतं, तर दुःखात असलेल्या घराच्या फाटकाबाहेर हे बोलणं झालं नसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली आहे. अण्णांची ज्युनिअर. ती मुलगी ऊसतोड करणाऱ्या घरातली आहे, तिच्या घराण्यात काळा कोट घालणारी पहिलीच. चार वर्षं ती अण्णांसोबत होती. जुन्या प्रकरणांच्या वकालतनाम्यावर तिचं नाव नाही, पण कागद न् कागद तिला माहीत आहे. ती पुढे आली आणि म्हणाली, पक्षकारांची इच्छा असेल तर मी वकालतनामा घालते. तेव्हा तिला सांगितलं गेलं की, अण्णांचं टेबल ज्येष्ठतेप्रमाणे दुसऱ्याला दिलं आहे, तिने आपली व्यवस्था बघावी. आता ती टायपिस्टच्या शेडमध्ये, स्टॅम्प वेंडरच्या शेजारी स्टूल टाकून बसते. टेबल संघाचं आहे, मान्य. ज्येष्ठतेचा नियमही मान्य. पण अण्णांची चालू कामं संपेपर्यंत त्या टेबलावर तिला बसू दिलं असतं, तर पक्षकारांना एक ठिकाण राहिलं असतं. अजूनही लोक येऊन त्याच टेबलापाशी अण्णांना विचारतात आणि "ते नाहीत आता" हे ऐकून परत जातात. तिथून पाच पावलांवर बसलेली मुलगी त्यांना कुणी दाखवत नाही.

अण्णांचे कारकून आता सत्तरीला आले आहेत. नकला, मुदती, बेलिफामागे फिरणं, सगळं त्यांनीच केलं. त्यांच्यासाठी कुठलाच निधी नाही. आमच्याकडून जमेल ते आम्ही करतो. आईच्या कल्याण निधीच्या कागदांचंही तसंच रेंगाळलं आहे. 1981 चा महाराष्ट्र वकील कल्याण निधी कायदा आहे, अण्णांनी आयुष्यभर प्रत्येक वकालतनाम्यावर त्याचं तिकीट चिकटवलं. कोणते कागद लागतात, एवढं तरी संघातल्या कुणी एकाने येऊन आईला सांगायला हवं होतं. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण आईची तशी इच्छा नाही. तिचं म्हणणं, आपलं नंतर बघू, आधी लोकांच्या तारखा बघा.

"संबंध येत नाही" या उत्तराबद्दल मात्र स्पष्ट बोलते. वकील संघ म्हणजे नुसती खुर्च्या-टेबलांची व्यवस्था आहे, असं अण्णांनी कधी मानलं नाही. ते अध्यक्ष असताना एक तरुण वकील अपघातात गेले होते. अण्णांनी त्याच आठवड्यात त्यांच्या घरी बसून यादी केली, कोर्टात पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली, प्रकरणं चौघांत वाटली आणि पोस्टकार्डं टाकून सगळ्या पक्षकारांना कळवलं. पोस्टकार्डांवरचे पत्ते मी लिहिले होते, म्हणून मला हे नक्की माहीत आहे. त्यासाठी कुठला ठराव झाला नव्हता. आज तर एका मोबाइलवर प्रत्येक प्रकरणाची स्थिती दिसते. तेव्हाच्यापेक्षा हे काम कितीतरी सोपं आहे.

आमच्या मागण्या अशा:

1. अण्णांच्या सर्व चालू प्रकरणांची यादी संघाने करावी. त्यांच्या डायऱ्या, फायलींवरची नावं आणि अण्णांची ज्युनिअर, तिन्हींची मदत मिळेल. त्या यादीसह, वकील मरण पावल्याची लेखी माहिती तालुक्याच्या प्रत्येक न्यायालयात द्यावी आणि पक्षकारांना नोटीस देऊन दुसरा वकील नेमायला वेळ द्यावा, अशी विनंती करावी.

2. जी प्रकरणं एप्रिलनंतर गैरहजेरीत काढून टाकली गेली किंवा एकतर्फी चालली, त्यांत ती परत घेण्याचे अर्ज संघातल्या वकिलांनी विनाफी करावेत. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे पक्षकार आणि अपंग यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली मोफत वकील मिळतो. त्यांचे अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे संघानेच न्यावेत. समोरच्या बाजूला संघाचे सभासद असतील, तर त्यांनी उशीर माफीला हरकत घेऊ नये. एवढं सौजन्य मागायचा हक्क अण्णांच्या 45 वर्षांनी आम्हाला दिला आहे, असं मी मानते.

3. अण्णांकडे फी भरलेल्या पक्षकाराकडून त्याच कामाची फी पुन्हा पूर्ण घेऊ नये. किती भरली, ते अण्णांच्या वहीत आहे. वही दाखवायला आम्ही तयार आहोत. फीसाठी पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालच्या आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलेलंच आहे.

4. अण्णांच्या ज्युनिअरला बार रूममध्ये बसायला जागा द्यावी.

5. यापुढे कुणीही सभासद वारला किंवा गंभीर आजारी पडला, तर आठ दिवसांत त्याच्या प्रकरणांची जबाबदारी घेणारी तीन जणांची समिती असावी, असा नियम संघाने करावा. प्रत्येक सभासदाने आपल्या माघारी फायली कुणाकडे जाव्यात, ते नाव हयातीतच संघाकडे लिहून ठेवावं. हाच ठराव महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे पाठवावा. असे एकटे वकील प्रत्येक तालुक्यात आहेत.

अण्णांनी संघाला दिलेली पुस्तकं व्हरांड्यात गठ्ठे बांधून पडली आहेत, खालच्या गठ्ठ्यांना ओल लागली आहे. ती आत घ्यावीत. कपाट आम्ही देतो.

फोटोचा कार्यक्रम वरची पहिली दोन कामं होईपर्यंत पुढे ढकलावा, ही आईची आणि माझी विनंती आहे. आईने सत्काराला नकार दिलेला नाही. फायली मार्गी लागल्या की ती आनंदाने येईल, आम्ही सगळे येऊ. तोवर तो फोटो अनावरण करायला ती उभी राहणार नाही. त्या बाईसारख्या पक्षकारांच्या नजरेला नजर देऊन तिला तिथे उभं राहता येणार नाही.

माझ्या या लिहिण्याने कुणी दुखावलं गेलं असेल, तर त्यांनी घरी येऊन मला बोलावं. तुमच्यातल्या अनेकांनी पहिला युक्तिवाद आमच्याच ओट्यावर अण्णांसमोर करून पाहिला आहे, आईच्या हातचं पिठलं-भाकरी खाल्ली आहे. मला तुमच्याशी भांडायचं नाही. मला तुमच्याकडून काम हवं आहे, आणि ते तुम्हीच करू शकता, मी करू शकत नाही.

पुढच्या मंगळवारच्या बोर्डावर अण्णांच्या नावाची दोन प्रकरणं आहेत, एक पोटगीचं आणि एक मनाई हुकमाच्या अर्जाचं. पोटगीच्या प्रकरणातली मुलगी परभणीहून येते, तिची गाडी साडेअकराच्या आधी पोचत नाही. संघाने त्या दोन्हींत उभं राहायला एक वकील द्यावा आणि बाकीच्या मागण्यांचं लेखी उत्तर या महिनाअखेरपर्यंत द्यावं.

आपली,
अण्णांची थोरली मुलगी